वाढीव बांधकाम असलेल्या घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना

गृहकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेणं, म्हणजे सगळे ज्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात ते, एरवी फारसं अवघड नाही. उत्पन्नाचे कागद, वर्षभराचे हप्ते, सिबिल स्कोअर एवढं नीट असलं की बँकांचे फोन आपल्यालाच येतात. गाडी अडते ती नव्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, घर बघायला येतो तेव्हा. पहिलं कर्ज घेतलं तेव्हा घर मंजूर नकाशाप्रमाणे होतं. मधल्या दहा-बारा वर्षांत गच्चीवर एक खोली चढली, मागच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर सरकलं, बाल्कनी खोलीत गेली, पार्किंगला भिंत घालून भाडेकरू ठेवला. हप्ते वेळेवर जात असल्यामुळे जुन्या बँकेने पुन्हा पाहिलं नाही. नवी बँक मात्र कोऱ्या पाटीने येते.

या लेखातली सगळी पावलं एकाच गोष्टीभोवती फिरतात: व्हॅल्युअर मोजायच्या आधी आपण घर मोजायचं. नियम महाराष्ट्रातले आहेत. मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर आहे.

आधी जुन्याच बँकेत विचारा

कर्ज हलवण्याचं कारण फक्त व्याजदर असेल, तर पहिला अर्ज जुन्याच बँकेत करा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली आहेत. तुमचं कर्ज त्याआधीचं, एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या जुन्या दरांवरचं असेल, तर थोडं शुल्क भरून ते नव्या पद्धतीवर आणता येतं. कर्ज आधीच रेपोवर असेल तर वरच्या फरकात, म्हणजे स्प्रेडमध्ये, काही कमी करता येईल का ते लेखी विचारा. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र किंवा निदान छापील ऑफर हातात असली की शाखेतली भाषा बदलते.

या मार्गात नवं मूल्यांकन सहसा होत नाही. घर आहे तसं राहतं, कागद आहेत तिथेच राहतात.

हिशेब करून बघा. समजा ३८ लाख बाकी आहेत, १४ वर्षं उरली आहेत आणि दर ९.१ टक्के आहे. हप्ता सुमारे ४०,०८० रुपये बसतो. तेच कर्ज ८.३ टक्क्यांवर नेलं तर हप्ता सुमारे ३८,३२० होतो. महिन्याला साधारण १,७६० रुपये, वर्षाला २१ हजार वाचले. आता नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि व्हॅल्युअरचा खर्च, नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि त्याची नोंद हे सगळं यातून वजा करा. बांधकाम नियमित करायला लागणारे पैसे अजून धरलेलेच नाहीत. निव्वळ व्याजासाठी वाढीव बांधकामाचं घर दुसऱ्या बँकेत नेणं अनेकदा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर जादा कर्ज, हवा असेल किंवा दरातला फरक एक टक्क्याच्या वर असेल, तर पुढे वाचा.

मंजूर नकाशा शोधून काढा

घरात कुठेतरी प्लास्टिकच्या नळकांडीत गुंडाळून ठेवलेला निळसर नकाशा असतो. तो बहुतेकदा आर्किटेक्टने दाखवलेला प्रस्ताव निघतो. बँकेला हवा तो मंजुरीचा शिक्का, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असलेला नकाशा. त्याच्या जोडीला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र किंवा पूर्णत्वाचा दाखला.

नकाशा सापडत नसेल तर या क्रमाने शोधा. पहिलं कर्ज देणाऱ्या बँकेकडे तुमच्या कागदांची यादी असते, तिला सगळे एलओडी म्हणतात. ती मागून घ्या, नकाशा तिथेच जमा असण्याची शक्यता असते. मग सोसायटी किंवा बिल्डर. त्यानंतर महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा बांधकाम परवानगी विभाग. तिथे जुन्या फायली मिळत नाहीत असं तोंडी सांगितलं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि अंदाजे साल लिहा. नुसतं ‘माझ्या घराचा नकाशा द्यावा’ असं लिहिलेला अर्ज परत येतो.

गावठाणातल्या आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या लोकांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद, बांधकामाची परवानगी त्यातून सिद्ध होत नाही. शहरातल्या घरपट्टीचंही तसंच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावता येते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हेही तिथेच लिहिलेलं आहे. ‘इतकी वर्षं टॅक्स भरतोय’ हे बँकेत सांगून उपयोग नसतो. उलट पावतीवर शास्तीची ओळ दिसली, तर बँकेच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

तफावतीचा नकाशा करा

सगळ्यात जास्त वेळ या पावलाला द्या. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर बोलवा आणि सांगा, मंजूर नकाशावर आज उभं असलेलं घर वेगळ्या रंगात काढून द्या. हा कागद आत्ता कुठे जमा करायचा नाही. तो आधी तुमच्यासाठी, पुढे बँकेसाठी.

व्हॅल्युअर काय करतो ते माहीत असलं की हा नकाशा कसा हवा ते कळतं. तो टेप किंवा लेझर मीटर घेऊन येतो, सोबत मंजूर नकाशाची झेरॉक्स. आधी बाहेरून फिरून चारही बाजूंची सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, बघतो. नकाशात मागे ३ मीटर मोकळे दाखवलेत आणि तिथे पत्र्याखाली सिंक आणि ओटा दिसतो, हे तो आत यायच्या आधीच टिपतो. मग मजले मोजतो. जिना नकाशात गच्चीवर संपतो, पण प्रत्यक्षात त्याच्या शेजारी दार असेल, तर ते उघडायला सांगतो. आत खोल्या मोजतो, फोटो काढतो, विजेचे मीटर किती ते बघतो. एका घराला तीन मीटर म्हणजे भाडेकरू आहेत हे त्याला सांगावं लागत नाही. त्याच्या अहवालात नकाशाप्रमाणे क्षेत्र आणि प्रत्यक्ष क्षेत्र असे दोन रकाने असतात, त्यांच्यातला फरक लिहायचा असतो, आणि बांधकाम पाडलं जाण्याची जोखीम किती यावर शेरा मारायचा असतो. बँकेचा निर्णय बराचसा या शेऱ्यावर ठरतो.

तुमच्या नकाशातही हेच हवं. प्रत्येक वाढीव तुकड्याचं क्षेत्रफळ, तो कोणत्या बाजूला आहे, आरसीसी आहे की पत्र्याचा, कोणत्या साली बांधला, आणि मूळ बांधकामातला कॉलम, बीम किंवा भिंत त्यासाठी तोडली का. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बाल्कनीला खिडक्या लावणं एक, आणि बाल्कनी खोलीत घेताना मधली भिंत बीमसकट फोडणं दुसरं. दुसऱ्या प्रकारात स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो, आणि तो द्यायला कोणी तयार नसेल तर कर्जापेक्षा मोठी काळजी करायची वेळ आली आहे.

फ्लॅटमध्ये आणखी एक नेहमीचं प्रकरण: शेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत काढलेली. करार दोन, शेअर सर्टिफिकेट दोन, घर एक. एकत्रीकरणाचा मंजूर नकाशा नसेल तर बहुतेक बँका अडतात किंवा भिंत परत घालायला सांगतात. रंग, फरशी, फॉल्स सीलिंग, ओटा बदलणं असल्या कामांना परवानगी लागत नाही, ती तफावतीत धरू नका.

प्रत्येक तुकड्याचं भवितव्य ठरवा

नकाशा हातात आला की आर्किटेक्टबरोबर बसून प्रत्येक वाढीव तुकड्याचा निकाल लावा. काही कागदावर आणता येतील, काही काढून टाकता येतील, काहींचं दोन्ही होणार नाही.

कागदावर आणता येईल का, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: शिल्लक एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि सामासिक अंतर. यूडीसीपीआरमध्ये महापालिका हद्दीत मूळ एफएसआय सर्वसाधारणपणे १.१० आहे. त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम (म्हणजे शुल्क भरून मिळणारा) एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेता येतो, आणि रहिवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचा जादा, एफएसआय प्रीमियम भरून मिळतो. मुंबईत रहिवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा वापरता येणारं, क्षेत्र आहे. म्हणून जुन्या नियमांत न बसणारी वरची खोली आज बसू शकते. पण एक खाच आहे. जुन्या नियमांत बाल्कनीला एफएसआयमधून सूट असायची, यूडीसीपीआरमध्ये पी-लाइनच्या, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेच्या, आतलं जवळजवळ सगळं क्षेत्र मोजलं जातं. जुन्या नकाशावरचा आकडा आणि आजचा हिशेब यांची सरळ तुलना करू नका, आर्किटेक्टला नव्याने मांडायला सांगा.

एफएसआय पैसे मोजून मिळतो, सामासिक अंतर सहसा मिळत नाही. मागच्या तीन मीटरमध्ये उभं केलेलं स्वयंपाकघर नियमित होण्याची आशा कमी धरा. पत्र्याची शेड, पार्किंगची भिंत, गच्चीवरचं तात्पुरतं छप्पर असल्या गोष्टी सरळ काढून टाका. बँकेच्या भेटीपुरत्या नव्हे, कायमच्या. भेटीच्या आदल्या दिवशी पत्रे उतरवून आठवड्याने परत चढवणारे बरेच आहेत. भिंतीवरची बोल्टची ताजी भोकं आणि छपराखालची कोरडी, वेगळ्या रंगाची फरशी कोणत्याही व्हॅल्युअरला कळते. शिवाय उपग्रह चित्रांत जुनी छपरं दिसतात.

नियमित करायचं ठरलं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो. त्यासोबत दंड, तडजोड शुल्क, विकास शुल्क आणि लागेल तो प्रीमियम येतो. कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढायला सांगणारी, नोटीस आधीच आली असेल, तर नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम राखण्यासाठी असा अर्ज करायची सोय आहे. ती मुदत जाऊ देऊ नका.

मात्र अर्ज दाखल करण्यापूर्वी आर्किटेक्टकडून लेखी अभिप्राय घ्या की हे नियमात बसतं. अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या हाताने पालिकेला वाढीव बांधकाम दाखवणं. बसत नसताना केलेला अर्ज फेटाळला गेला की पुढे नोटीसच येणार. आणि मूळ कागद जुन्या बँकेकडे असल्याने काही ठिकाणी तिचं ना हरकत पत्र मागतात, ते आधीच विचारून ठेवा.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या, घरांचा रस्ता वेगळा आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड आणि बांधकामं त्यात आली. तिथे आधी भूखंड नियमित, मग घर. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसताना कर्ज हलवायला निघू नका. तसंच, प्रशमित, म्हणजे शुल्क घेऊन नियमित केलेल्या, बांधकामांसाठी १९६६ च्या अधिनियमात घातलेलं कलम ५२अ फक्त ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना आहे. ‘नवी योजना येतेय, थांबा’ असं सांगणारे एजंट दर निवडणुकीच्या आधी भेटतात. त्यांच्या भरवशावर कर्जाचं वेळापत्रक ठरवू नका.

बँक किती पैसे देईल याचा अंदाज

ज्यांना टॉप-अप हवा आहे, त्यांची निराशा इथे होते. बहुतेक बँका फक्त मंजूर क्षेत्राची किंमत धरतात, वाढीव भागाची किंमत शून्य. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के.

उदाहरण घ्या. बाजारात घराला १ कोटी १० लाख मिळतील असं तुम्हाला वाटतं. मंजूर क्षेत्राची किंमत व्हॅल्युअरने ७२ लाख धरली. ८० टक्के म्हणजे ५७ लाख ६० हजार. जुने ३८ लाख फेडून टॉप-अपला जास्तीत जास्त १९ लाख ६० हजार उरतात, आणि टॉप-अपसाठी बऱ्याच बँका याहून कमी टक्केवारी लावतात. तुम्ही २५ लाखांची गरज धरून चालला असाल, तर हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

भोगवटा प्रमाणपत्राचा मुद्दाही आता कडक झाला आहे. मेरठच्या एका प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलं की इमारत तारण घेऊन कर्ज देताना पूर्णत्वाचं किंवा भोगवट्याचं प्रमाणपत्र तपासूनच द्या. पूर्वी शाखा पातळीवर ज्याकडे डोळेझाक व्हायची, त्यावर आता वरून विचारणा होते.

अर्ज कुठे आणि कसा

एकाच वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये उमटते. त्याऐवजी दोन-तीन बँकांच्या गृहकर्ज अधिकाऱ्याला, अर्ज न करता, तीन प्रश्न विचारा. मंजूर नकाशापेक्षा किती फरक तुमच्याकडे चालतो? वाढीव भाग मूल्यांकनातून वगळून कर्ज देता का, की प्रकरणच नाकारता? आणि तांत्रिक तपासणी आधी करता की फी घेतल्यावर? उत्तरं ईमेलवर मागा. तोंडी ‘होऊन जाईल सर’ याला काही किंमत नाही.

सरकारी बँका या बाबतीत सहसा काटेकोर असतात. काही हाउसिंग फायनान्स कंपन्या थोडी तफावत चालवून घेतात, पण दर जास्त लावतात किंवा प्रकरण मालमत्ता तारण कर्जात वळवतात. व्याज वाचवायला निघालेल्या माणसाने महाग कर्जात शिरणं हा उलटा व्यवहार आहे.

अर्ज करताना तफावत स्वतःहून सांगा. तफावतीचा नकाशा, आर्किटेक्टचा अभिप्राय, नियमितीकरणाचा अर्ज केला असेल तर त्याची पोच, हे सोबत लावा. व्हॅल्युअरने शोधून काढलेली खोली आणि तुम्ही दाखवलेली खोली यांवर बँकेत वेगवेगळे शेरे बसतात. ‘व्हॅल्युअरला सांभाळून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटला तिथेच नमस्कार करा. खोट्या अहवालावर घेतलेलं कर्ज पुढे उघडं पडलं, तर बँक पूर्ण रक्कम एकदम मागू शकते, आणि तेव्हा सही तुमची असते.

प्रकरण नाकारलं गेलं तर तांत्रिक कारण लेखी मागा. ‘मागची खोली सामासिक अंतरात’ असं एका ओळीचं कारण मिळालं, तरी ती खोली काढून त्याच बँकेत पुन्हा जाता येतं.

कर्ज हलवताना आणि नंतर

वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. जुनी बँक दुसऱ्या नावाने काही आकारत असेल तर हिशेब मागा. फोरक्लोजर पत्र (कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं) आणि कागदांची यादी आधी घ्या. नवी बँक जुन्या बँकेच्या नावे रक्कम देते, जुनी बँक कागद सोडते आणि ते थेट नव्या बँकेकडे जातात.

१ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बोजा उतरवावा लागतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. भरपाईपेक्षा महत्त्वाचं म्हणजे यादी. मिळालेला प्रत्येक कागद जुन्या एलओडीशी टिकमार्क करून ताडा, विशेषतः मंजूर नकाशा आणि मूळ करार. जुनी बँक सरसाईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची निबंधकाकडची सूचना) काढते की नाही ते महिन्याभराने तपासा. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातलं बँकेचं नावही बदलून घ्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल, तर तो उतरवायचा अर्ज बहुधा तुम्हालाच करावा लागतो.

नियमितीकरण पुढे मंजूर झालं, तर सुधारित नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नव्या बँकेत जमा करा आणि पोच घ्या. घराच्या विम्यातही वाढीव क्षेत्र तेव्हाच लिहून घ्या. पुढच्या टॉप-अपच्या वेळी तीच खोली मूल्यांकनात पूर्ण किमतीने धरली जाईल.